पडद्याच्या मधोमध

सत्तरी ओलांडली तरी ती बेबीच होती. भाच्यांची बेबीआत्या, शेजारपाजारची बेबीताई आणि थोरल्या भावाची, दादाची, नुसती 'ए बेबी'. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर ती दादा-वहिनींकडे राहायला आली, तेव्हा सोबत दोन पेट्या आणि एक जुना हट्ट घेऊन आली. पेट्या माळ्यावर गेल्या. हट्टाने मात्र बैठकीच्या खोलीची अख्खी भिंत व्यापली.

त्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत जाड कागद चिकटवलेला होता. त्यावर खडू लावलेल्या दोरीने चौकटी आखल्या होत्या, अगदी बाबा आखायचे तशा. दोघांनी दोरीची दोन टोकं ताणून धरायची, मधोमध उचलायची आणि फट्‌दिशी सोडायची. दुसरं टोक धरायला दादाच होता, तोंड वाकडं करून का होईना.

त्यांचे बाबा फोटो स्टुडिओचे पडदे रंगवायचे. त्या काळी फोटो काढायचा म्हणजे केवढा थाट! घरोघरी आठवडाभर आधीपासून कपड्यांना इस्त्र्या व्हायच्या. मग सगळं कुटुंब स्टुडिओत जाऊन, कधी पाऊल न टाकलेल्या एखाद्या बागेसमोर श्वास रोखून उभं राहायचं. ती बाग बाबांच्या हातची असे. शहरातल्या मोठ्या स्टुडिओसाठी त्यांनी जो पडदा रंगवला, त्यात तळं होतं, दगडी कठडा होता, उंच झाडं होती आणि मागे पायऱ्या चढून जायचं एक घर. कितीतरी वर्षं तो तिथे टांगलेला होता. पुढे स्टुडिओ बंद पडला, नव्या मालकाने पडदा फाडून सामानावर झाकायला वापरला, आणि बाबाही गेले. वीतभर तुकडासुद्धा कुणाच्या हाती लागला नाही.

"पडदा गेला असं मी मानतच नाही," बेबी म्हणायची. "तो लोकांच्या घरी आहे. लोकांच्या पाठीमागे."

आणि ते खरंही होतं. शहरातलं असं जुनं घर नव्हतं, की ज्याच्या अल्बममध्ये ती बाग नाही. तो पडदा भिंतीवर पुन्हा उतरवायचा म्हणून बेबी भिंग घेऊन घरोघर जायची. लोक हौसेने अल्बम उघडायचे, आजोबा किती रुबाबदार होते ते सांगायला लागायचे, आणि बेबी भिंगातून बघत पुटपुटायची, "हो हो, पण जरा बाजूला उभे राहिले असते तर किती बरं झालं असतं."

कुणा नवरीच्या खांद्यावरून झाडांचे शेंडे मिळाले. बाकावर बसवलेल्या जुळ्यांच्या पायांमधून तळ्याचा काठ मिळाला. फोटो लहानमोठे असले तरी कठड्याचे खांब सगळ्यांत सारखेच, त्यामुळे खांब मोजून कुठला तुकडा कुठल्या चौकटीत जातो हे तिला बिनचूक कळायचं. गमतीजमतीही सापडत गेल्या. एका जाडजूड वकिलाच्या कानामागे कठड्यावर मांजर झोपलेलं निघालं. आणि झाडांच्या सावल्या उजवीकडे पडलेल्या, तर कठड्याच्या डावीकडे! बेबी चक्रावली. तेव्हा दादाच म्हणाला, "बाबा सांगायचे ना, पडदा अर्धा झाल्यावर मालकाने स्टुडिओची खिडकी बुजवून समोरच्या भिंतीत पाडली होती. बाबांना जिकडून उजेड दिसला तशी सावली काढली त्यांनी."

"बघ, आठवतं ना तुला सगळं!"

"जे घडलं ते आठवतं. जे घडलंच नाही ते कसं आठवेल?"

हा टोमणा होता, आणि बेबीला तो पाठ होता.

झालं होतं असं. पडदा रंगवायचं काम चालू असताना बाबा महिनोन्‌महिने घरी फिरकत नव्हते म्हटलं तरी चालेल. स्टुडिओत मुलांना मज्जाव. शेवटी पडदा टांगला गेल्यावर ते दोघांना घेऊन गेले, तर समोर एक मोठं कुटुंब फोटोला उभं! काही दिसेना. बेबीने रडून स्टुडिओ डोक्यावर घेतला. तेव्हा बाबा खाली वाकून तिच्या कानात म्हणाले होते, "तू आहेस त्या पडद्यात. बरोबर मधोमध. माणसं उभी राहिली की झाकली जातेस, पण आहेस."

लगेच पुढची गिऱ्हाइकं आली. त्यानंतर तो पडदा मोकळा बघायला तिला कधी मिळालाच नाही.

"रडणारं पोर गप्प करायला माणूस काय वाट्टेल ते सांगतो," दादा म्हणायचा. "मालकाची सक्त ताकीद होती, मधला भाग साधा ठेवा, तिथे गिऱ्हाईक उभं राहणार. बाबा कशाला तिथे मेहनत वाया घालवतील?"

आता भिंतीवर कोळशाने सगळी बाग उमटली होती, पण मधोमध पांढरंफटक भगदाड होतं. इथेच घोडं पेंड खात होतं. फोटो काढायला आलेला जो तो मध्येच उभा! एखाद्या बुटक्या माणसाच्या डोक्यावरून घराचं दार दिसायचं, एवढंच. बेबीला वाटलं असतं तर ती पायऱ्यांवर एक मुलगी सहज काढू शकली असती. पण दादाने आधीच बजावलं होतं, "फोटोत दिसेल तेवढंच काढायचं. मनाचं काही घुसडायचं नाही." आणि बेबीलाही ते पटलं होतं. तिला बाबांनी काढलेली मुलगी हवी होती. स्वतः काढायला तिला कोण अडवत होतं?

एके दिवशी भाजी निवडता निवडता वहिनी म्हणाल्या, "बेबीताई, घड्याळवाल्या काकूंकडे गेलात का? त्यांच्या लग्नानंतरचा फोटो आहे भिंतीवर."

"अगं, त्यात पडदा कुठाय?" दादा म्हणाला. "पुठ्ठ्यात दोन लंबगोल कापलेत. एकात काका, एकात काकू. मागे जेमतेम बोटभर जागा."

"बोटभर तर बोटभर," म्हणून बेबी उठली. दादाही निघाला. घरी बसून कुणाला चिडवणार?

काकूंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या भिंतीवरची घड्याळं काकू अजून चावी देऊन चालू ठेवत. त्या टिकटिकीत बेबीने फोटोला भिंग लावलं आणि ती थबकली. काकांच्या मागे कठड्याची रेघ ज्या उंचीवर संपत होती, त्याच उंचीवर ती काकूंच्या मागे पुन्हा सुरू होत होती.

"काकू, हे दोन वेगळे फोटो नाहीत. एकच आहे!"

काकू बोळक्या तोंडाने खुदकन हसल्या. "ओळखलंस गं तू. इतक्या वर्षांत कुणी ओळखलं नव्हतं. भांडलो होतो आम्ही."

"फोटो काढताना?"

"जाताना. ना ऊन ना पाऊस, आणि मी नवी छत्री घेऊन निघालेली. हे म्हणाले, छत्रीचा फोटो काढायचाय की तुझा? म्हटलं, काढा मग छत्रीचाच! आणि आत गेल्यावर उघडून बाजूला आडवी धरली. फोटोवाला बिचारा हात जोडत होता, जवळ या, पुढे या. आम्ही दोघं दोन टोकांना, पार पडद्याला पाठ लावून. हलायला कोण तयार? शेवटी फ्रेमवाल्याने हा पुठ्ठा लावून अब्रू झाकली."

बेबीने भिंग पुन्हा फोटोला लावलं. पडद्याला पाठ लावून! एरवी माणसांना पुढे उभं करत, म्हणून मागचा पडदा पुसट यायचा. इथे तो स्वच्छ आला असणार. आणि दोघांच्या मध्ये कुणीच नाही.

"काकू, उघडू का हो?"

"उघड की. हे गेले, आता भांडण तरी बघू दे डोळे भरून."

मागचे खिळे दादाने उपटले. पुठ्ठा अलगद निघाला. लंबगोलांतले काका-काकू उजेडाने पिवळे पडले होते, पण मधला झाकलेला पट्टा स्टुडिओतून कालच धुऊन आणल्यासारखा काळाभोर होता. त्यात पायऱ्या होत्या. आणि पायऱ्यांवर, घराकडे तोंड करून चढत चाललेला एक मुलगा होता. पाय अनवाणी, बूट एका हातात.

दादाने फोटो उजेडाकडे धरला.

"हा... हा तर मी आहे," दादा म्हणाला. लहानपणी रस्ता कसलाही असो, त्याचे बूट कायम हातात असायचे. त्यावरून आईचा किती मार खाल्ला होता त्याने!

"आणि मी?" बेबीचा आवाज पार बारीक झाला होता.

मुलाचा दुसरा हात कुणीतरी धरला होता. एक इवलासा हात, वर सुटत आलेल्या रिबिनीची एक वेणी. बाकी सगळं काकूंच्या छत्रीआड.

"अगंबाई! माझी छत्री मेली!" काकूंनी कपाळावर हात मारला.

बेबी आधी बघतच राहिली आणि मग खो खो हसत सुटली. हसता हसता डोळे पुसायला लागली. "असू दे हो काकू. आहे मी. बाबा खोटं नव्हते बोलले, बस्स."

दादा मात्र हसला नाही. परतताना कोपऱ्यावर थांबून म्हणाला, "मला का नाही गं सांगितलं बाबांनी?"

"मी रडले होते. तू रडला नव्हतास."

दादाने मान हलवली आणि चालायला लागला. पण घरी पोहोचेपर्यंत त्याची कळी खुलली होती. वहिनींना सांगून झालं, मुलांना फोन झाले, पत्रं टाकायला आलेल्या पोस्टमनलाही त्याने आत बोलावून भिंत दाखवली. "हे बघा, इथे मी येणार. मधोमध!" ऐकणाऱ्याला वाटावं, हट्ट पहिल्यापासून ह्याचाच.

पुढच्या दिवसांत बेबीने पायऱ्या काढल्या, अनवाणी मुलगा काढला, बूट काढले. मग त्याच्या हातातला इवला हात आणि ती वेणी काढली. छत्रीची कड आली तिथे कोळसा खाली ठेवला. तिथून पुढे कागद कोराच.

"थांबलीस का? पूर्ण कर ना," मागे खुर्ची टाकून बसलेला दादा म्हणाला.

"फोटोत दिसेल तेवढंच. नियम कुणाचा?"

"नियम गेला खड्ड्यात! मला दिसतेयस ना तू. मी सांगतो, तू काढ." दादाने डोळे मिटले. "फ्रॉकला मागे बो होता. एक टोक कायम सुटलेलं. डावा मोजा घसरलेला. आणि टाचा उचलून चालायचीस, कुणी मागे लागल्यासारखी."

बेबीने कोळसा उचलला. बो उतरला, मोजा घसरला, टाचा उचलल्या गेल्या.

"उंची किती घेऊ?"

"माझ्या कोपरापर्यंत."

"खांद्यापर्यंत होते मी!"

"कोपरापर्यंत, बेबी. मला चांगलं आठवतंय."

"अहो, पडद्यातसुद्धा भांडणार का दोघं?" आतून वहिनी ओरडल्या. "चहा निवतोय!"

बेबीने मुलगी खांद्यापर्यंत काढली आणि मागे सरून उभी राहिली. दादाने डोळे उघडले. चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला.

"बरं," तो म्हणाला. "असशील."