दुपारी दोनचा फोन

जळगावात आमच्या मेहरूणच्या भागात दर बुधवारी संध्याकाळी घरप्रार्थना असते. एका बुधवारी एकाचं घर, पुढच्या बुधवारी दुसऱ्याचं. पंधरा-वीस माणसं, तीन-चार गाणी, थोडं वचन, मग विनंत्या आणि शेवटी चहा-पोहे. विनंत्यांची वही माझ्याकडे असते. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, त्यामुळे अक्षर वाचण्यासारखं आणि आवाज खणखणीत. म्हणून मंडळीने ते काम माझ्या गळ्यात घातलं. कोणाला प्रभूकडे काय मागायचंय ते मी लिहून घ्यायचं आणि प्रार्थनेआधी मोठ्याने वाचायचं.

त्यामुळे प्रत्येकाचं कुठे दुखतं ते मला ठाऊक. वृषालीच्या नवऱ्याची नोकरी, पुनमची परीक्षा, लीलाधरभाऊंच्या रक्तातली साखर. लीलाधरभाऊ साखर उतरावी म्हणून सगळ्यांना डोळे मिटायला लावतात आणि आमेन झालं की जिलेबीची बशी स्वतःकडे ओढतात. मी त्यांना मनसोक्त हसायचे. दुसऱ्याला हसायला मला आवडतं हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझं हसं होईल तेव्हा तुम्हीही संकोच करू नका.

वहीत माझी स्वतःची विनंती सगळ्यात वर असायची. 'धुळ्याच्या दिपमालाचं मन प्रभूने मऊ करावं.' दिपमाला माझी धाकटी बहीण. चार वर्षं मी ही एकच ओळ वाचत होते. मंडळी इतकी सरावली होती, की मी 'धुळ्याच्या' म्हटलं की मागून कोणीतरी 'दिपमालाचं' म्हणून मोकळं व्हायचं.

चार वर्षांपूर्वी आई गेली. अकरा वर्षं ती माझ्याकडे होती, त्यातली शेवटची दोन अंथरुणावर. तिचं न्हाऊमाखू, औषध, पथ्य, सगळं मी केलं, आणि आनंदाने केलं. पण एक गोष्ट मला सलायची. दिपमाला महिन्यातून एकदा यायची, तासभर गप्पा मारायची, आणि आईचा चेहरा असा फुलायचा की जणू मी घरातली मोलकरीणच. 'मनी दिपी', अहिराणीत 'माझी दिपी', हे शब्द आई पुन्हा पुन्हा बोलायची. 'मनी पुष्पी' असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. साठीला आलेल्या बाईने अशा गोष्टीचा हेवा करावा का? करू नये. मी केला.

त्या दिवशी दुपारी एक वाजता मी आईच्या पायांना हात लावला तर पाय गार. नखं निळसर. श्वास मधेच थांबायचा, मी मनात आकडे मोजायचे आणि तो परत यायचा. हे सगळं मी शेकडो वेळा पाहिलेलं. नवख्या नर्सलाही कळलं असतं की हिची सोबत दिवस मावळेपर्यंतचीच आहे. माझे मालक सुकदेव तेव्हा एसटीत ड्रायव्हर, ते शहाद्याच्या गाडीवर गेलेले. घरात आई आणि मी. दोन वाजता दिपमालाचा फोन आला.

"अक्का, कशी आहे आई? माझा जीव लागत नाहीये. आत्ता निघू का?"

"घाई नको करू," मी म्हटलं. "उद्या सकाळच्या गाडीने ये."

धुळ्याहून जळगाव म्हणजे दोन तासांची वाट. आई सव्वासातला गेली.

स्मशानभूमीत माती दिल्यावर दिपमाला माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुला कळलं नसेल हे मला पटत नाही, अक्का." मी पदराने डोळे पुसत म्हटलं, "जन्म-मरण देवाच्या हातात, दिपे. माझ्या हातात काय होतं?" आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. असं बोललं की कोणी पुढे काही विचारत नाही. देवाचं नाव घेऊन मी हात झटकले आणि त्यालाच श्रद्धा समजले. तेव्हापासून दिपमालाने मिठाची गुळणी धरली ती धरलीच. नाताळाला तिच्या मालकांच्या मोबाइलवरून एक चित्र यायचं, मेणबत्ती आणि शुभेच्छा. बस.

या जानेवारीत घरप्रार्थना माझ्याकडे होती. मंडळीत चुडामणभाऊ नावाचे एक गृहस्थ नवे आले होते. अमळनेरकडच्या खेड्यातले, आता लेकीकडे राहायला आलेले. मी वही घेऊन त्यांची विनंती विचारली. ते म्हणाले, "लिखी ल्या अक्का. बांधवरनं निंबनं झाड मीच तोडेल शे. मना थोरला भाऊले राग उना, तो खरा शे. सकाय मी त्यान्हा दारशे जाई ऱ्हायनू. प्रभूनी मन्ही जीभ सांभाळो."

बांधावरचं निंबाचं झाड यांनीच तोडलं, भावाचा राग खरा आहे आणि उद्या हे त्याच्या दारी जाणार, असं मी लिहिलं खरं, पण मला ती विनंती जरा विचित्रच वाटली. भावाचा राग जावा असं मागायचं सोडून हा माणूस स्वतःच्या जिभेचं काय मागतो? मग मी नेहमीप्रमाणे वाचायला सुरुवात केली. 'धुळ्याच्या' म्हटलं, मागून 'दिपमालाचं' आलं. चुडामणभाऊंनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"अक्का, धुळं कितलं लांब शे?"

"नव्वद किलोमीटर. का?"

"नही, चार वरिस व्हयनात म्हणतस. तुम्ही देवलेच धाडी ऱ्हायनात. एक डाव तुम्ही जाई या ना."

देवाला सारखं धाडण्यापेक्षा मीच एकदा जाऊन यावं, हे ऐकून सगळे हसले. लीलाधरभाऊ सगळ्यात जोरात हसले, आणि सुकदेवांनी खोकल्याचं निमित्त करून रुमाल तोंडाला लावला. चुडामणभाऊंच्या मनात टोमणा नव्हता. गाडी कितीला आहे असं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. मला मात्र भर घरात कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. मी तशीच पुढची विनंती वाचली. त्या दिवशी पोह्यात मीठ दोनदा पडलं आणि मी ते खुशाल वाढलं.

माणसं गेल्यावर मी भांडी घासायला बसले. राग चुडामणभाऊंवर काढत होते आणि घासत होते पातेलं. काय म्हणून मी जायचं? मी मोठी. मी अकरा वर्षं केलं. असं बरंच काही मनात चाललं होतं, आणि त्या सगळ्याच्या खाली एकच गोष्ट चुपचाप बसून होती: मला दुपारी एक वाजताच कळलं होतं. चार वर्षं मी प्रभूला सांगत होते की तिचं मन कठीण झालंय. कठीण कोणी केलं ते त्याने विचारू नये म्हणून बहुधा मी इतक्या मोठ्याने वाचत होते. देव सर्वसमर्थ आहे, यात शंकाच नाही. पण त्या दुपारी फोन त्याच्या हातात नव्हता, माझ्या हातात होता. आई किती वाजता जाणार हे मी ठरवलं नाही. दिपमाला तिथे नसणार हे मीच ठरवलं.

नळाखाली हात धुतले आणि उभ्या उभ्याच म्हटलं, "प्रभो, तिच्या मनाचं तू बघ. माझं तोंड उद्या मीच उघडते, फक्त ते मधेच बंद होऊ देऊ नकोस." इतकी छोटी प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती. आणि खरं सांगते, केल्याबरोबर बरं वाटलं. चार वर्षं मी एखाद्या बंद दारापुढे बसले होते, आणि कडी माझ्याच बाजूला होती.

सकाळी बाजारातून भरताची वांगी घेतली. लांबट, हिरवी, चांगली बोटांनी दाबून निवडली. रिकाम्या हाताने बहिणीकडे जाता येत नाही, भांडायला जायचं असलं तरी. सुकदेव म्हणाले, "येऊ का बरोबर?" मी नको म्हटलं. ते नुसते हसले आणि स्टँडवर सोडायला आले.

गाडीत खिडकी मिळाली. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. 'मला कळलं होतं, पण मी थकले होते.' 'मला कळलं होतं, पण नक्की कोण सांगणार?' 'मला कळलं होतं, पण तू तरी महिन्यातून एकदाच यायचीस.' एरंडोल येईपर्यंत माझ्या कबुलीत तीन 'पण' होते. पारोळ्याला दोन उरले. शेवटचा टाकताना फार जड गेलं, कारण तो खराही होता. आणि भीतीही वाटत होती. आत्तापर्यंत दिपमालाला नुसता संशय होता. संशयावर माणूस निदान नाताळाला मेणबत्ती पाठवतं. मी सांगितलं की तिची खात्री होणार, आणि मग मेणबत्तीही बंद. बहीण कायमची गमवायची तयारी ठेवूनच मी धुळ्यात देवपूरला उतरले.

दिपमाला व्हरांड्यात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून ती उठलीच.

"अक्का? काय झालं? भाऊजी बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तुझ्याशी बोलायला आलेय."

तिने खुर्ची पुढे केली, मी खालीच बसले. वांग्यांची पिशवी तिच्याकडे सरकवली. ती तिने बघितली नाही. मी एक शेंग उचलली, कारण हातांना काहीतरी हवं होतं, आणि बोलले. "त्या दिवशी तुझा फोन आला ना दोन वाजता, तेव्हा मला कळलेलं होतं. एक वाजल्यापासून. आई संध्याकाळ काढणार नाही हे मला माहीत होतं, आणि मी तुला उद्या ये म्हटलं. तू आलीस की ती तुझीच होऊन जायची. मला शेवटचा वेळ माझ्यासाठी पाहिजे होता. देवाची इच्छा वगैरे मी नंतर म्हटलं. ते माझं काम होतं. मी चुकले, दिपे."

ती शेंगा सोलत राहिली. दोन, तीन, चार शेंगा. गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आईने माझी आठवण काढली होती का?"

हा प्रश्न मी गाडीत जुळवला नव्हता. खरं तर चार वर्षं मी त्याच्यापासूनच पळत होते. 'नाही गं, ती झोपेतच होती' असं म्हणणं किती सोपं होतं. तिलाही कमी लागलं असतं आणि मलाही. ओठावर आलंही होतं.

"काढली," मी म्हटलं. "चार वाजता तुझ्याबद्दल विचारलं, सहाला विचारलं, आणि सातला विचारलं. मी दरवेळी सांगितलं की ती येतेय. येई ऱ्हायनी, माय."

दिपमाला उठली आणि आत गेली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मी पिशवी तिथेच ठेवून निघावं का, असा विचार करत होते. पण मला एक गंमत वाटत होती, की मी रडत नव्हते. पोट रिकामं झाल्यावर आजारी माणसाला वाटतं तसं हलकं वाटत होतं. तिने हाकललं असतं तरी मी त्या हलकेपणाने स्टँडपर्यंत चालत गेले असते.

ती बाहेर आली. डोळे लाल, हातात चहाचे दोन कप. एक माझ्यापुढे ठेवला, जरा जोरातच.

"चार वर्षं मला वाटत होतं तिने माझं नावसुद्धा घेतलं नाही," ती म्हणाली. "रात्ररात्र मी हाच विचार केलाय. तुला माफ केलं असं मी आज म्हणणार नाही, अक्का."

"म्हणू नकोस."

"मला फार राग आलाय तुझा."

"येऊ दे. मी इथेच आहे."

तिने चहाचा घोट घेतला. मग भिंतीला टेकून पाय लांब केले, लहानपणी आई गोष्ट सांगायची तेव्हा करायची तसे. "आता पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "एक वाजल्यापासून. काही गाळायचं नाही."

मी सांगायला लागले. आईने त्या दिवशी कोणतं लुगडं नेसलं होतं ते सांगितलं. मी तिच्या पायांना तेल चोळलं, कोमट करून. खिडकीतून ऊन आत आलं तेव्हा तिने मान वळवली. मी गाणं म्हटलं, तिने ओठ हलवले. आवाज नव्हता, पण शब्द बरोबर होते. चमच्याने पाणी दिलं तर दोन चमचे प्यायली आणि तिसऱ्याला तोंड मिटलं, हट्टी होतीच. दिपमाला इथे हसली. मग चार वाजले. आईने डोळे उघडले, दाराकडे पाहिलं आणि विचारलं. मी आईच्याच आवाजात म्हटलं, "दिपी उनी का?"

दिपमालाने हातातला कप खाली ठेवला. "आले, माय," ती म्हणाली.

तिला आणखी काही बोलायचंय का म्हणून मी थोडी थांबले, आणि मग पुढचं सांगायला लागले.