पाच माणसांचे नाणे

मित्रांनो, मी एक जुने नाणे आहे, पण भाजीवालीच्या गल्ल्यात खुळखुळणाऱ्या नाण्यांपैकी नव्हे. मला एका मोहिमेची आठवण म्हणून पाडले गेले. सीमेवरच्या बर्फाच्या डोंगरांत खिंड शोधायला काही माणसे गेली होती. त्या मोहिमेला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हा टांकसाळीत माझी चकती यंत्राखाली सरकली आणि वरून ठसा दाणकन आदळला. माझ्या पोटावर पाच माणसे उमटली. पाठीवर ओझी, मधल्याच्या हातात निशाण, मागे डोंगर.

त्या पाचांतला डावीकडून दुसरा माणूस म्हणजे माझे पहिले मालक. ते मोहिमेचे मोजणीदार होते. उंची मोजायची, नकाशा आखायचा आणि रोजची नोंदवही लिहायची, ही त्यांची कामे. आमची विक्री सुरू झाली त्या दिवशी ते सकाळपासून बँकेच्या रांगेत उभे राहिले आणि माझ्यासकट चाळीस नाणी घेऊन घरी आले.

"अहो, स्वतःचंच तोंड चाळीस वेळा कशाला हवंय तुम्हाला?" त्यांच्या पत्नीने विचारले. या बाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. "आरशात फुकट दिसतं की!"

मोजणीदार हसले नाहीत. त्यांनी आम्हाला निळे कापड लावलेल्या खणांत एकेक करून ठेवले. पुढे त्या खणांत इतर मोहिमांची नाणीही आली. कुठे वाळवंट तुडवणारा उंटांचा तांडा, कुठे बर्फात अडकलेले जहाज, कुठे नदीचा उगम शोधणारी होडी. ते हातमोजे घालून आम्हाला उचलत आणि कडेने धरत. आम्हाला कधी घासू देत नसत. लोक म्हणत, छंद असावा तर असा! नाणेसंग्राहकांच्या मंडळात त्यांना मोठा मान होता. ते खिंडीतल्या वाऱ्याविषयी बोलू लागले की सभागृह चिडीचूप होई. एवढे कौतुक होत असताना त्यांचे हात मात्र गार पडलेले असत. ते मला ठाऊक होते, कारण भाषणाच्या वेळी मी त्यांच्या मुठीत असे.

अशी सात वर्षे गेली. मग मंडळाने एका शाळेच्या दालनात प्रदर्शन भरवले. आमच्या टेबलापाशी एक बाई बराच वेळ उभी होती. तिच्या हातांवर भाजल्याचे जुने डाग होते. तिच्या साडीवर रुग्णालयाच्या धुलाईघराचा बिल्ला होता; ती तिथे इस्त्रीचे काम करत असे.

"साहेब, यात पाचच कसे?" तिने विचारले.

"आम्ही पाचच परतलो."

"गेला होतात सहा. माझा भाऊ आला होता तुमच्याबरोबर, स्वयंपाकाला."

आजूबाजूची कुजबुज थांबली. मोजणीदार म्हणाले, "तो मधूनच पळून गेला. शिधा घेऊन. नोंदवहीत आहे तसं."

"ते माहितीये. चोराचं घर म्हणून तीस वर्षं ऐकतोच आहोत." तिचा आवाज चढला नव्हता. "मला एवढंच विचारायचं होतं, कुठल्या बाजूला गेला तो?"

मोजणीदारांनी टेबलावरचे एक नाणे विनाकारण सरळ केले. अखेर ते पुटपुटले, "पश्चिमेला."

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली आणि निघून गेली.

घरी आल्यावर मोजणीदारांनी ताट बाजूला सारले. त्यांच्या पत्नीने दोनदा विचारले, तेव्हा त्यांना रडू कोसळले आणि प्रदर्शनातल्या त्या बाईच्या प्रश्नापासून सगळे बाहेर आले. स्वयंपाक्याचा पाय बर्फावरून घसरला होता आणि गुडघा फुटला होता. वादळ जवळ आले होते. म्होरक्या म्हणाला, याला घेऊन उतरलो तर सगळेच मरू. त्यांनी त्याला एका कातळाच्या आडोशाला घोंगडी आणि दोन दिवसांचे जेवण देऊन बसवले. "उद्या परत येतो," असे म्हणून ते निघाले, आणि पुन्हा तिकडे कुणी फिरकलेच नाही. तळावर पोहोचल्यावर म्होरक्याने सांगितले, लिही, शिधा घेऊन पळाला.

"आणि तुम्ही लिहिलंत?"

"माझंच अक्षर आहे ते."

बाईंनी त्यांचे ताट झाकून ठेवले. मग म्हणाल्या, "उद्या तिच्याकडे जायचं. मी येते बरोबर."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खिशातून धुलाईघरात गेले. सगळीकडे वाफ, ओल्या कापडांचा वास आणि छातीइतके उंच चादरींचे ढीग. ती बाई इस्त्री फिरवत होती. मोजणीदारांनी उभ्या उभ्याच सगळे सांगून टाकले, काहीही न लपवता. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. इस्त्री एकाच जागी राहिली आणि चादर करपू लागली. शेवटी मोजणीदारांच्या पत्नीनेच पुढे होऊन ती उचलली.

"पळाला म्हणजे कुठंतरी जेवत असेल, असं धरून चाललो होतो आम्ही," ती म्हणाली. "चोर तर चोर, पण जिवंत. काल घरी जाऊन भावजयीला सांगितलं, पश्चिमेला गेलाय. किती वर्षांनी हसली ती! आता तिला काय सांगू, साहेब?"

 मोजणीदारांनी मला तिच्यापुढे धरले. का, ते त्यांनाही कळले नसेल. द्यायला दुसरे काही नव्हते त्यांच्याजवळ.

तिने मला उलटसुलट करून पाहिले. मग गाठोडी शिवायचा दाभण उचलून त्यांच्या हातात दिला. "काढा त्याला इथं. सगळ्यांच्या शेजारी."

मित्रांनो, ज्या माणसाने मला कधी कुणाला घासूही दिले नाही, त्याने त्या दिवशी माझ्या अंगात दाभण रुतवला. टोक धातूवरून घसरत होते. पाचव्या माणसाच्या बाजूला एक वाकडी रेघ उमटली, तिच्यावर डोक्याचा ठिपका.

"एवढा वाकडा नव्हता तो," ती म्हणाली, आणि मला खिशात टाकून तिने पुढची चादर ओढली.

मोजणीदारांनी सरकारी कचेरीला पत्र लिहिले. नोंद बदलता येत नाही, असे उत्तर आले. मोहिमेतले अजून हयात असलेले दोघे म्हणाले, वयामुळे याला भास होतात. मंडळाने त्यांचे नाव यादीतून काढले. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या पत्नीनेच धुलाईघरात येऊन हे सांगितले. दोघी थोडा वेळ वाफेत शेजारी शेजारी बसल्या.

भावजयीला इस्त्रीवाल्या बाईने खरे सांगितले नाही. ती शेवटच्या आजारात विचारत राहिली, "पश्चिमेलाच ना?" आणि ही दर वेळी हो म्हणत राहिली. त्या एका शब्दाने हिला आतून पोखरून काढले. भावजयीमागोमाग काही वर्षांनी हीही गेली. हिच्या सामानाबरोबर मी एका नाण्यांच्या दुकानात आले. दुकानदाराने भिंग लावून मला पाहिले. "नासवलंय कुणीतरी," तो म्हणाला आणि त्याने मला दारातल्या वाडग्यात फेकले.

मी अजून त्याच वाडग्यात आहे. शाळा सुटली की तुमच्यासारखी मुले येतात आणि चाळता चाळता मला उचलतात. दुकानदार सांगतो, "चूर्ण लावून घास, ओरखडा निघून जाईल."

मित्रांनो, नाण्यांची निगा राखावी. ती कडेने धरावीत, कोरड्या कापडात गुंडाळावीत. पण मी तुमच्या हाती आले, तर मला घासू नका. तो ओरखडा नाही. तो सहावा माणूस आहे, आणि त्याला उभे राहायला सगळ्या जगात एवढीच जागा आहे.