खिंडीकडे धावलेली लस

मी एक जुनी लशीची पेटी आहे. माझा निळा रंग उडाला आहे, झाकणाला तडा गेला आहे आणि एक कडी तुटली आहे. पण मित्रांनो, मला बिचारी समजू नका. त्या वसंतातली धावपळ आठवली की आजही माझे झाकण खडखडते.

माझा जन्म मैदानातल्या एका कारखान्यात झाला. दुहेरी भिंतींमध्ये जाड फोम भरून मला बनवले. मग ट्रकमधून घाट चढत मी अरुणाचलच्या डोंगरात, गुरांच्या दवाखान्यात आले. तिथे उकाडा नावालाही नव्हता. इथे माझे काय काम, असे मला वाटले. तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईने, तिचे नाव लेकी, मला थोपटले आणि शिपायाला सांगितले, "खाली लस उन्हानं नासते, इथं गोठून. आणि गोठलेली लस म्हणजे नुसतं पाणी. हिला चुलीजवळ ठेवू नकोस आणि ओसरीवरही नको."

पुढे कित्येक वर्षे मी लेकीच्या पाठीवरून ब्रोकपा गुराख्यांच्या कळपांकडे गेले. याक म्हणजे त्यांचे दूध, लोणी, लोकर, तंबू, सारे काही. मला पाहून बायका हसत, "आली बघा सुयांची आई." मला ते फार आवडे.

त्या वसंतात बातमी आली की खाली रस्त्याकडच्या गाईंना लाळ्या-खुरकूत झाला आहे. हा विषाणूचा रोग. तोंडात फोड येतात, खुरांत जखमा होतात, जनावर चरत नाही की चालत नाही. लहान वासरे तर उभ्या उभ्या कोसळतात. आणि नेमकी कळप वर न्यायची वेळ झाली होती. खिंडीपलीकडच्या एकाच कुरणावर तीन दऱ्यांचे कळप मिसळतात. एक जरी आजारी याक तिथे पोचला, तर सगळेच संपले असते.

लेकीने माझ्यात गार पाण्याच्या पिशव्या आणि लशीच्या बाटल्या भरल्या आणि ती निघाली. पहिला तंबू सांगेचा होता. सांगे म्हणजे पन्नाशीची, खणखणीत आवाजाची बाई.

"मागे टोचलंत, तरी माझा अर्धा कळप गेला," ती म्हणाली. "आता उरलेला न्यायला आलीस का?"

"ती लस वाटेत गोठली होती, मावशी. चूक आमचीच होती," लेकी म्हणाली. तिने माझे झाकण उघडून एक बाटली सांगेच्या तळहातावर ठेवली. "तुम्हीच बघा."

सांगेने बाटली उजेडात धरली, हलवली. गोठल्याची खूण नव्हती. मग तिने पहिला याक शिंगाला धरून पुढे ओढला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

टोचून झाल्यावर लेकी म्हणाली, "लशीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर वर जाऊ नका."

"इथलं गवत संपत आलंय, पोरी." सांगेने डोंगराकडे पाहिले. "बरं, मी थांबेन. खुरटं खातील. पण माझा भाऊ गोंबू सकाळीच निघालाय. आणि त्याचे याक गेल्या आठवड्यात त्या रस्त्याकडच्या गाईंतच चरत होते."

सांगेने कळप आपल्या मुलीवर सोपवला आणि ती व डॉक्टर लेकी धावत सुटल्या. मी लेकीच्या पाठीवर हिंदकळत होते. वर जाताच गारा सुरू झाल्या. बोचरा वारा माझ्या तड्यातून आत शिरू लागला. सांगेने अंगातला लोकरीचा झगा काढून मला गुंडाळले. "मी भिजले तर वाळेन," ती म्हणाली.

खिंडीखाली गोंबूचा कळप दिसला. मागची एक मादी लंगडत होती आणि तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. लेकी लांबच थांबली.

"काटा लागलाय तिला," गोंबू ओरडला.

"आणि तोंडाला काय लागलंय, मध?" सांगे म्हणाली.

गोंबूने मान खाली घातली. "ताई, वर कुरणावरच्या लोकांना कळलं तर वर्षभर कोणी माझ्याशी बोलायचं नाही."

"आणि त्यांची वासरं मेली तर बोलतील?"

 मग त्याने शीळ घातली आणि पुढचा याक बाजूच्या घळीकडे वळवला. कळप मागोमाग गेला.

पण लेकी त्याच्या कळपात गेली नाही. "आधी दुसऱ्या दऱ्यांचे निरोगी कळप अडवते, टोचते, मग तुमच्याकडे येते. आधी तुमच्यात आले तर माझ्या हाताबुटांवरून रोग तिकडे जाईल."

"म्हणजे माझी मेली तरी चालतील?" गोंबू कळवळला.

लेकीचे डोळे भरून आले, पण तिने पाऊल पुढे टाकले नाही. तिने तोंडे धुवायचे औषध आणि बुटांसाठी धुण्याचा सोडा दगडावर ठेवला. तेव्हा सांगेने ते उचलले. "तू जा, पोरी. मी याच्याजवळ राहते. रोग सरेपर्यंत माझ्या कळपात परत जाणार नाही." आणि ती घळीत उतरली.

मित्रांनो, पुढचे दिवस मी थांबलेच नाही. लेकी तंबूतंबूवर गेली, माझ्यातल्या बाटल्या रिकाम्या होत गेल्या. शेवटी आम्ही घळीत पोचलो, तेव्हा गोंबूची दोन वासरे गेली होती. बाकीचे याक उठून चरू लागले होते. बहीणभाऊ काळवंडलेले, सोड्याने हात सोललेले, पण एकाच वाडग्यातून लोण्याचा चहा पीत होते.

उशिरा का होईना, टोचलेले इतर कळप वर निघाले. घळीतून खिंड दिसत होती. एकामागून एक काळे ठिपके आभाळाच्या कडेला उमटत होते. गोंबू ते बघत राहिला. "सगळी चालताहेत गं ताई. एकही लंगडत नाही," तो म्हणाला आणि तोंड फिरवून रडला.

आता दवाखान्यात नव्या पेट्या आल्या आहेत. मी फळीखाली पडून असते, माझ्यात जुनी दोरखंडे कोंबली आहेत. तक्रार नाही. एकच विनंती आहे. माझ्यासारख्या पेट्या पुसून, कोरड्या करून ठेवा. त्यांना उन्हात टाकू नका आणि हिवात विसरू नका. आणि तुमच्या गोठ्यात एखादे जनावर लाळ गाळताना दिसले, तर भीतीने गप्प बसू नका. शेजाऱ्याला हाक मारा.