गिरणीमागची तनुजा

मेघाने कडी काढली तेव्हा दारातली बाई घामाने निथळत होती आणि मोबाइल पुढे धरून उभी होती.

"तनुजाताई तुम्हीच का?"

"नाही. मी मेघा."

"गिरणीवाल्यानं तर हेच घर दाखवलं. म्हणला, तनुजा-बिनुजा कोणी नाय, पण घरी बसून लिवणारी एकच पोरगी हाय या गल्लीत." बाई उंबऱ्यावरच टेकली. "दौलताबादहून आले. सुरेखा नाव माझं. पाणी भेटंल का घोटभर?"

मेघाने तांब्या दिला. तनुजा कोण हे या मुकुंदवाडीत फक्त तिला ठाऊक होतं. तनुजाला तिनेच जन्माला घातलं होतं. नवऱ्याचं काम सुटलेली, स्टेशनजवळ पिठाच्या गिरणीमागे राहणारी, घरबसल्या लेखन करून संसार सावरणारी तनुजा. ती ज्या कंपनीसाठी जाहिरातीचे लेख लिहायची, तिची सूचनाच होती, की अनुभव आपल्या भागातला वाटला पाहिजे, ओळखीची खूण घाला, म्हणजे लोक विश्वास ठेवतात. मेघाने खिडकीतून बाहेर पाहिलं होतं आणि समोर दिसली ती गिरणी घातली होती.

हे काम मिळण्याआधीचं वर्ष आठवलं तरी तिला मळमळायचं. मराठीत एम.ए. करून ती ऑनलाइन लेखनाचं काम शोधायला बसली आणि एकापेक्षा एक नग भेटले. कुणी नमुना म्हणून ढीगभर लेख लिहून घेतले आणि गायब झालं. कुणी लेख पसंत नाही म्हणून कळवलं आणि तोच लेख दुसऱ्याच्या नावाने छापला. एका साहेबांनी तर लेखाऐवजी तिचा फोटो मागितला. दुधाने तोंड पोळलेली मेघा मग ताकही फुंकून पिऊ लागली.

आणि तेव्हाच ही कंपनी आली. लेख गेला की पैसे जमा, कधी शब्द फिरवला नाही. एवढ्या शोधातून भरवशाचं काम मिळालं ते हे, आणि काम काय, तर बायकांचा भरवसा बसेल असं खोटं लिहायचं. रजिस्ट्रेशनचे पैसे भरा, घरबसल्या लेखनाचं काम मिळवा. भरणाऱ्यांना काम मिळतच नव्हतं, हे मेघाला लवकरच कळलं. किळस आली. तोंड धुऊन ती पुन्हा लिहायला बसली, कारण घरमालकाला तिच्या किळसेशी काही देणंघेणं नव्हतं.

"हे वाचून रडले बघा मी," सुरेखा मोबाइलवर बोट ठेवून वाचू लागली. "'सासूबाईंना म्हटलं, मी उंबरा ओलांडणार नाही, पण माझं लिखाण ओलांडेल.' आमच्याकडं अस्संच हाय, ताई. कंपनीत कामाला जाऊ देत नायत. कॉलेजात निबंधाला पहिला नंबर असायचा माझा. आज संध्याकाळच्या आत पैसे भरायचेत, मग जागा संपत्यात म्हणं. शेळी इकली त्याच्यासाठी. पर आमचे मालक म्हणले, मोबाइलवर काय बी येतं, बाई खरी हाय का बघून ये."

सोयरीक जुळवायची असो नाहीतर म्हैस घ्यायची असो, पैसे मोजण्याआधी घरचं माणूस जाऊन डोळ्यांनी बघून येतं, ही गावाकडची जुनी रीत. कंपनीने ती हिशेबात धरली नव्हती. मेघानेही नाही, आणि तिची तर आजी अशी म्हशी बघत फिरलेली होती.

तनुजा घर बदलून पुण्याला गेली, असं सांगता आलं असतं. ते वाक्य जिभेवर तयारच होतं, चांगलं घडीव. इतक्या चटकन तयार झालेलं पाहून मेघाला स्वतःचीच शिसारी आली.

"पैसे भरू नका," ती म्हणाली. "कुणी तनुजा नाही. ते मी लिहिलंय. सगळं खोटं आहे, भरलेल्या कुणालाच काम मिळत नाही."

मेघा वाट पाहत होती. बाईने शिव्या घालाव्यात, गल्ली गोळा करावी, निदान दारात थुंकावं तरी. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

सुरेखाने पदराने तोंड पुसलं.

"गिरणी तर खरी हाय."

"गिरणी खरी आहे."

"आन् तुम्हाला ते पैसे देतात?"

"देतात."

"येळंवर?"

मेघाने मान हलवली.

"मग मला बी लावून द्या की तिथं."

"अहो ताई, लोक फसतात यानं. आत्ता तुम्हीच फसला असता."

"फसले असते. नाय फसले." सुरेखा आता सावरून बसली. "आन् कसं लिवायचं ते कळलं मला. ऐका. 'मी दौलताबादची. किल्ल्याखाली पेरूची पाटी घेऊन बसायचे. गिऱ्हाईक नसलं की पेरू बांधायची रद्दी वाचायचे. एक दिवस लेक म्हणली, आई, तू फाटकेच कागद का वाचतीस? तुला कोणी अख्खं पुस्तक देत नाय का?'"

शेवटी तिचा आवाज कापला.

"हे खरं आहे?" मेघाने विचारलं.

"खरंच हाय की. माझी पोरगी बोलली मला."

वाक्यं उत्तम होती, मेघाच्या तनुजापेक्षा कितीतरी सरस. ती फाटकी रद्दी वाचून बायका डोळे पुसतील आणि मुकाट्याने पैसे भरतील, हे तिच्या डोक्यात आधी आलं. किळस नंतर आली. रस्त्यापलीकडे गिरणीचा पट्टा सुरू झाला आणि तिला आवाज चढवून बोलावं लागलं.

"गावाचं नाव तेवढं बदला," ती म्हणाली. "लोक बघायला येतात."