प्रदक्षिणेचा फोटो

‘निजल्या जिवाला उठवू नये, देवा.’

आवाज आईचाच, पण पस्तीस वर्षांपूर्वीचा. खटावकडच्या तळ्याकाठी, बाभळीवर बगळे उतरलेले आणि सात वर्षांच्या देवदत्तच्या मुठीत खडा. आईने त्याचं मनगट नुसतं वेढल्यासारखं धरलं होतं. खडा आपोआप गळून पडला होता.

आता त्याच मुठीत हातोडी होती. आयर्लंडमध्ये, ड्रोहेडातल्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीशी तो खुर्चीवर उभा होता. ओठांत खिळा.

“आजून वर,” त्याची आई सुमित्राबाई खालून म्हणाल्या. “देवाच्या डोक्यावर नगं, पर बरोबरीनं असू दे.”

देव म्हणजे चहासाखरेच्या शेजारच्या फळीवर मांडलेले तीन टाक आणि रांगता बाळकृष्ण. इथे कपाटाला प्रेस म्हणतात हे त्यांनी वर्षभरात शिकून घेतलं होतं, आणि ‘माझे देव प्रेसमधी ऱ्हात्यात’ असं त्या फोनवर साताऱ्याच्या बहिणीला हसत सांगत.

“भोक पाडलंत की युवर मॅन येऊन नाचेल हां,” दारात बूट चढवत त्याची बायको पूर्वा म्हणाली. तिची हॉस्पिटलची ड्यूटी होती.

“कोन येनार?”

“घरमालक हो, आई. इथे कुणालाही युवर मॅन म्हणतात.”

“मंग देवालाबी म्हनत असतील.”

पूर्वा हसत गेली. दार लागलं. रविवारची सकाळ होती, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कोविडच्या हिवाळी लॉकडाऊनने माणसांना पाच किलोमीटरच्या दाव्याला बांधून ठेवलं होतं. वर्षापूर्वी तीन महिन्यांसाठी आलेली आईही त्याच दाव्याला अडकली होती.

देवदत्तने खिळा ठोकला आणि फ्रेम टांगली.

फोटो मोठा होता. महाराष्ट्र मंडळाच्या ऑनलाइन स्पर्धेत तो पहिला आला आणि मंडळानेच हौसेने मढवून पोस्टाने पाठवला. पहाटेचं धुकं, धुक्यातून वर उठलेले चाळीसएक क्रौंच, काळ्या माना ताणलेल्या, पंख उजेडात अर्धे बुडालेले. आणि मागे टेकडीवर गोम्पाचं, बौद्ध मठाचं, सोनेरी छप्पर. खाली त्याने दिलेलं नाव: ‘प्रदक्षिणा’. परीक्षकांनी लिहिलं होतं, ‘श्रद्धेला पंख फुटावेत तसं हे चित्र आहे.’ ते वाक्य वाचताना त्याचे कान तापले होते. लोकांना तो विनय वाटला.

भूतानमधल्या फोबजिखाच्या खोऱ्यात ते गेले तेव्हा २०२० चा जानेवारी अर्धा सरला होता. आयर्लंडला नेण्याआधी आईला एकदा हिमालय दाखवायचा, एवढीच गोष्ट. तिबेटाकडून आलेले क्रौंच तिथल्या दलदलीत हिवाळा काढतात. त्यांच्या पंखांना लागू नयेत म्हणून गावाने विजेच्या ताराही जमिनीखालून नेल्या होत्या. ज्या घरी ते उतरले त्या घरची म्हातारी आमा दिवसभर जपमाळ ओढायची, आणि आईबरोबर शेगडीपाशी बसून बटाटे सोलायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी आमाचे गुडघे कधी दुखतात आणि आईचा नवरा कधी गेला, हे तिसऱ्या दिवशी दोघींनाही ठाऊक होतं. मध्ये आमाचा म्हातारा काळा कुत्रा पसरलेला असे. त्याचं तिकडचं नाव आईला उच्चारता येईना, म्हणून तिने त्याला काळ्या केलं; तोही त्या नावाला शेपूट हलवू लागला.

आमाची लेक डेकी हिंदीत सांगायची, “पक्षी येताना गोम्पाभोवती तीन फेऱ्या घालतात. जातानाही घालतात. मगच डोंगर ओलांडतात.”

“आता नाही घालणार?” देवदत्तने विचारलं होतं.

“आता कशाला? आता ते घरी आहेत.”

तीन दिवस त्याने दलदलीच्या कुंपणाबाहेरून गवतात चरणाऱ्या क्रौंचांचे नुसते ठिपके कॅमेऱ्यात टिपले. चौथ्या दिवशी निघायचं होतं. पहाटे तो उठला, कुंपण ओलांडून दलदलीत शिरला. उथळ पाण्यात पक्षी एका पायावर, चोच पंखात खुपसून झोपले होते. पाण्याच्या कडेला बर्फाची साय धरली होती. तो उभा राहिला. कॅमेरा गळ्यात सारखा केला. आणि आरतीला वाजवावी तशी टाळी वाजवली. दोनदा.

सगळं पाणी एकदम उठलं.

न्याहारीच्या वेळी पक्ष्यांचा राखणदार दारात आला. इतक्या थंडीत झोपेतून उठवलेला पक्षी दिवसभराची ताकद त्या एका उड्डाणात घालवतो, तो सांगत होता. पुन्हा त्या पाण्यावर उतरेलच असं नाही. पाहुणे पहाटे बाहेर होते का?

“मी वर गोम्पाकडे होतो,” देवदत्त म्हणाला होता. चहाची वाटी हातात होती आणि ती जराही हलली नव्हती, हे त्याला आजही आठवे. “खाली एक काळा कुत्रा पळताना दिसला.”

क्रौंचांना उठवणारा कुत्रा त्या गावात ठेवत नाहीत. त्यांची गाडी निघाली तेव्हा बटाट्याच्या ट्रकच्या फळीला बांधलेला काळ्या आईकडे बघून शेपूट हलवत होता. खिंडीपलीकडे आमाच्या भावाकडे त्याला धाडायचं ठरलं होतं. गाडीत आई घाटभर एक शब्द बोलली नाही. वळणांनी तिला मळमळत असेल, असं त्याने धरून चालवलं.

आता तिने ताम्हन पुढे ओढलं. टाकांना हळद वाहिली, बाळकृष्णाला वाहिली, आणि उरलेली चिमूट फोटोच्या चौकटीला लावली. फोटोची छोटी प्रत वर्षभर देवांशेजारी टेकवलेली होती. तिलाही ती रोज अशीच हळद लावी. आणि लावताना एक ओवी म्हणे, स्वतःची. पहिली ओळ सुरू झाली की देवदत्तला हटकून बाहेर काहीतरी काम निघायचं. आज तो खुर्चीवर होता.

‘पाव्हनं पाखरू, उभं पान्यामंदी निजं,
कुनी बाई उठविलं, पाप ओटीमंदी माझ्या.’

हातोडी त्याने सावकाश ओट्यावर ठेवली.

“ही दुसरी ओळ कधी जोडलीस?”

“पयल्यापास्नं हाय.” त्यांनी बोटांची हळद पदराला पुसली. “तूच थांबत न्हाईस ऐकायला.”

तो खुर्चीवरून उतरला. खुर्ची जागेवर ठेवली, मग पुन्हा थोडी सरकवली.

“आई, ते...”

“बूट मी धुतलं व्हतं तुझं,” त्या म्हणाल्या. “त्या दिशी, राखणदार यायच्या आधी. घोट्यापतूर काळा चिखल. गोम्पाची वाट तर फरसबंदी. मला वाटलं, पोरगं घसरलं आसंल. मंग तू बोललास, आन् मला बूट आठवले.”

“मग तू का नाही बोललीस?”

“आई हाय ना,” त्या म्हणाल्या. “चूल एक, बसायचं एक. आमानं मला सोताच्या अंगावरची शाल दिली, आन् मी तिच्या दारात गप ऱ्हायले. ही हळद का त्या पाखरांची पूजा वाटली व्हय तुला?”

घड्याळात अकराला पाच कमी होती.

“अकराला डेकीला फोन लावायचा हाय,” सुमित्राबाई म्हणाल्या. “तिकडं पाच वाजत्यात. मी कालच सांगून ठेवलंय. आमाला फोटो बघायचाय.”

“आज नको. मला मीटिंग आहे.”

“रविवारची?”

त्याने फोन काढला. वर्षभर डेकीच्या निरोपांना तो अंगठे आणि जोडलेले हात पाठवत आला होता. ‘सीमा बंद आहेत, पाहुणे नाहीत’: अंगठा. ‘आमा तुमच्या आईची आठवण काढते’: हात.

अकराला त्याने व्हिडिओ कॉल लावला. पडदा उजळला. आधी छत दिसलं, मग डेकीचं कपाळ, मग आमा. ती वाळली होती. आईला पाहताच तिने दोन्ही तळवे पडद्याला लावले, आणि दोघी आपापल्या भाषेत एकदमच बोलू लागल्या. डेकी मधे हिंदीचा पूल टाकत होती, पण त्यावरून कुणी चालत नव्हतं.

“फोटो दाखव,” आई म्हणाली.

त्याने कॅमेरा भिंतीकडे वळवला. आमा जवळ आली. इतकी जवळ की पडद्यावर तिचा एक डोळा आणि सुरकुत्याच उरल्या. मग हळू, लहान मुलाला सांगावं तसं काहीतरी बोलली.

“आमा म्हणते, ही फेरी नाही,” डेकी म्हणाली. “फेरी घालताना ते सावकाश वर चढतात, रांग धरून. इथे रांग नाही, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. पाय पण अजून लोंबतायत. ती म्हणते, हे घाबरून उठलेत. हीच ती सकाळ ना?”

“हो,” देवदत्त म्हणाला.

आमाने मान हलवली. जपमाळ मनगटाला गुंडाळली, आणि पुन्हा बोलू लागली. या वेळी तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. डेकी ऐकत राहिली, आणि सांगायला लागली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

“ती म्हणते, तुमची माफी मागायची राहिली होती. इतक्या लांबून आलात आणि आमच्या कुत्र्याने शेवटची सकाळ नासवली. त्या दिवशी तिने त्याला काठीने मारलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा. तो ओरडला नाही, नुसता तिच्या पायाशी येऊन बसला.” मग डेकी स्वतःचं बोलली. “तो मामाकडेच, पावसाळ्याआधी मेला. मी तुम्हाला कळवलं नव्हतं. आमा गोम्पात गेली की मागे, दाराशी बसते. म्हणते, ज्या घरच्या जनावराने पक्षी उठवले त्या घराने पुढे कसं बसावं?”

देवदत्तचा हात खाली आला. पडद्यात आता ड्रोहेडाच्या घराची फरशी दिसत असणार. पलीकडून डेकी ‘हॅलो, हॅलो’ करत होती. आई पाटावर बसून होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, खूणही केली नाही. ताम्हनातलं पाणी ती बोटाने उगाच सारखं करत होती.

फोन कापून, बोट चुकून लागलं म्हणता आलं असतं. नेट गेलं, असंही. इथे येऊन ही वाक्यं त्याला झोपेतही म्हणता येत होती.

त्याने फोन उचलला, साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि समोर बसला. आमाचा चेहरा सारखा झाला.

“डेकी,” तो हिंदीत म्हणाला, “आता मी जे सांगेन ते आमाला तसंच्या तसं सांग. एक शब्द गाळू नकोस.”

“सांगा.”

“आमा,” तो म्हणाला. “तुमचा कुत्रा तिथे नव्हताच. पक्षी मी उठवले. टाळ्या वाजवून.”