चवीचा हात

निपा आरोग्य केंद्रातून परतली तेव्हा तिची सासू कामपेंग अंगणात भाजलेले तांदूळ कुटत होती. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत निपा बांबूच्या माचावर टेकली. भर उन्हातून आली होती, पण तोंडावर उन्हाची लालीसुद्धा नव्हती. ओठ पांढरे, नखं पांढरी.

"आई, रक्त फार कमी आहे म्हणाल्या पेनसीताई. नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. बैलाचं मांस खा म्हणाल्या, कधी कलेजी खा, पण चांगलं शिजवून. नाहीतर बाळंतपणात जड जाईल."

कामपेंगच्या हातातली मुसळी उखळात तशीच थांबली.

"ते खलाम आहे," ती म्हणाली.

"खलाम?"

"पोटुशीनं बैलाचं मांस खायचं नसतं. आमच्याकडे खलाम म्हटलं की का म्हणून विचारत नाहीत."

निपा दूरच्या कोराटकडची. या गावचे विधिनिषेध तिला नवे. नवरा वितून रायोंगच्या कारखान्यात, वर्षातून दोनदा येणारा. घरात या दोघीच. तिनं मान डोलावली.

"बरं झालं सांगितलंत, आई. नाहीतर मला कोण सांगणार होतं?"

ते 'बरं झालं' कामपेंगला बोचलं. कारण असलं खलाम कुठं नव्हतंच. ते तिनं आत्ता, या उखळापाशी बसून जन्माला घातलं होतं.

खरं कारण वेगळं होतं. मागच्या महिन्यात न्हाताना तिच्या मांडीवर काहीतरी ओलं चालल्यासारखं वाटलं. पाहिलं तर भोपळ्याच्या बीएवढं, पांढरं, चपटं. बी असती तर पडून राहिली असती. ही सरकत होती. कामपेंगनं पाण्याचे तांब्यावर तांबे ओतले, दगडानं जागा घासली, आणि मग तिथंच ओलेती बसून राहिली. तेव्हापासून ते अधूनमधून दिसे. कधी अंथरुणात, कधी नेसूला चिकटलेलं.

पंचक्रोशीत कुणाकडेही बैल कापला की लाब कालवायला कामपेंगच लागे. चिंचेच्या ठोकळ्यावर दोन सुऱ्यांनी मांसाचा खिमा करायचा. त्यात रक्त, तिखट, पुदिना, भाजल्या तांदळाचं पीठ, आणि शेवटी पित्ताचे मोजके थेंब. पुरुष तो कच्चाच खातात. बायका आपला वाटा तव्यावर परतून घेतात. परतलेला लाब एखाद्या बाप्यापुढे ठेवला तर तो म्हणतो, "का गं, आजारी दिसतो का मी?" लाब कालवणं हेही खरं पुरुषांचंच काम. पण कामपेंगच्या बापाला मुलगा नव्हता. त्यानं शेत भावाला दिलं आणि चव लेकीच्या जिभेवर ठेवली. पोरवयापासून ती कच्चं चाखत आली होती. तिच्या हाताची चव आणि तिच्या जिभेची खात्री, एवढ्यावर या गावात तिचं नाव होतं.

आता त्याच हाताची तिला भीती वाटू लागली. हा जंत बैलाच्या कच्च्या मांसातून आलेला, बैलाच्या मांसाला माझा हात लागला की तो ओळख धरणार, मांसातून सुनेत जाणार, सुनेतून पोटातल्या लेकरात. कोंबडी नि मासळीत त्याला काय ओळख? अशी तिनं मनाशी समजूत घातली होती. कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारायचं म्हणजे सांगणं आलं. जिच्या हातचं सारं गाव खातं, तिच्या पोटातून हे पडतं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

म्हणून ती निपाला नदीची मासळी उकडून घाली, पालेभाजी घाली, अंडी घाली. बाजारात मांसाच्या दुकानासमोरून जाताना पाऊल उचलून चाले. पूर्वी तांदूळ कुटताना ती गुणगुणायची:

भाजल्या तांदळा, घाल जेवणाला वास,
माझ्या बाळाच्या ताटाला पहिला घास.

आता मुसळी चाले, गाणं चालत नसे. निपा जिना चढताना मध्येच थांबे, खांबाला धरे, आणि वर पोचल्यावर सासूकडे पाहून हसे. ते हसू कामपेंगला शिव्यांपेक्षा लागे.

गावप्रमुख प्रसितच्या नातवाला भिक्षू करायचं ठरलं. बैल कापला. अंगणात मांडव, ढोल, केळीच्या पानांवर मांसाचे ढीग. निपाही आली होती, भाजी निवडायला बसली होती.

"या वहिनी, या!" प्रसित ओरडला. एक पाय त्यानं स्टुलावर ठेवला होता, अंगठा सुजून वांग्यासारखा झालेला. "तुमची जीभ आल्याशिवाय माझ्या बैलाला मुक्ती नाही."

"आधी अंगठ्याकडे बघा, प्रमुख," आरोग्य केंद्रातली पेनसी म्हणाली. ती पाहुणी म्हणून आली होती, तरी डोळे कामावरच. "सांगितलं होतं ना, मांस नि दारू जरा आवरा म्हणून?"

"अगं पोरी, अंगठा काय उद्याही दुखेल. लाब आज आहे."

हशा पिकला. कामपेंगनं खिमा कालवला. हात मनगटापर्यंत लाल झाला. एवढ्यात मागं काहीतरी आदळलं. भाजीची टोपली कलंडली होती आणि निपा चटईवर आडवी झाली होती.

बायका धावल्या. पेनसीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, पापणी खाली ओढून पाहिली. "अगं, कागद आहे हा नुसता! मांस खातेस का तू? काय सांगितलं होतं मी?"

"ते खलाम आहे ना..." निपा पुटपुटली.

"कसलं गं खलाम?" गावातली सगळ्यांत म्हातारी साओआजी पानाची पिंक टाकून म्हणाली. "ते पांढऱ्या रेड्याचं. आणि तेही बाळंत झाल्यावर. पोटुशीला बैलाचं खलाम असतं तर मी आठ पोरं कशी काढली असती? कुणी सांगितलं तुला हे?"

"घरात लाबवाली सासू, आणि सून अशी कोरडी!" कुणीतरी मागून बोललं. या वेळी कुणी हसलं नाही.

निपानं सासूकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सासूचं खोटं तिला कळलं, हे कामपेंगला दिसलं. मग निपानं डोळे खाली घातले.

"कुणी नाही, आजी. मलाच वास सहन होत नाही, म्हणून मीच खलामचं निमित्त केलं. आई तर रोज आग्रह करतात."

कामपेंगला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. आपलं खोटं या पोरीनं उचललं होतं, पदरात बांधलं होतं, आणि ओझं झाल्याचं दाखवतही नव्हती. ढोलवाल्यांनी पुन्हा ढोल धरला. प्रसितनं चिकट भाताची गोळी लाबात बुडवून कामपेंगपुढे धरली. "चला वहिनी, मीठ बघा. लोक खोळंबलेत."

कामपेंगनं गोळी घेतली नाही. लाल हात अंगापासून लांब धरून ती उभी राहिली.

"मी नाही चाखणार. माझ्या पोटात जंत आहे. कच्च्या मांसाचा. माझ्या हातून तिला लागेल म्हणून मी तिला मांस दिलं नाही. खलाम मी सांगितलं. ती खोटं बोलतेय, मला झाकायला."

ढोल थांबला. प्रसितनं हातातल्या गोळीकडे पाहिलं आणि ती हळूच ताटात परत ठेवली. त्याच्या शेजारच्यानंही ठेवली. एकानं तोंडातला घास मांडवामागं जाऊन थुंकला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

"मावशी," पेनसी हलक्या आवाजात म्हणाली, "तो तसा हातातून जात नाही हो. कच्च्यातून येतो, शिजवलं की मरतो. तुम्हाला एकदा जंताची गोळी घ्यायची. एवढंच होतं. मला विचारायचंत."

एवढंच होतं. कामपेंगनं ते शब्द ऐकले आणि तिला वाटलं, मोठं काही असतं तर निदान लाजेला आधार मिळाला असता.

त्या दिवशी प्रसितच्या अंगणात सगळा लाब कढईत गेला. पुरुष कुरकुरत जेवले. निघताना कुणी कामपेंगला "बरा झाला होता" म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेनसीसमोर तिनं गोळी घेतली. मग बाजारातून मांस आणि थोडी कलेजी आणली, हात साबणानं पुन्हा पुन्हा धुतले, सुरी आणि ठोकळा उकळत्या पाण्यानं धुतला. मांस शिजवलं, नरम झालं तरी शिजवलं. निपा माचावर बसून पाहत होती. कालपासून दोघी गरजेपुरतंच बोलल्या होत्या.

चाखायची वेळ आली. शिजलेल्या मांसाचं मीठ कामपेंगच्या जिभेला कधी ठाऊकच नव्हतं. तिची जीभ कच्च्यावर वाढलेली. तिनं रस्सा तोंडाशी नेला आणि कळेना.

वाटी निपापुढे ठेवून ती खालीच बसली.

"तू सांग."

निपानं पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. भुकेनं खाल्ला, मान वर न करता. नखं अजून तशीच पांढरी होती.

"मीठ कमी आहे, आई," ती म्हणाली. आवाजात राग होता, आणि तो तिनं झाकला नाही.

"किती घालू?" कामपेंगनं विचारलं. आयुष्यात हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

निपानं मिठाचं भांडं स्वतःकडे ओढून घेतलं.