अर्धं गाऱ्हाणं

शिमग्याला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांत लवू एकटाच असा होता, की ज्याने एवढ्या उकाड्यात उपरणं खांद्यावर न टाकता हातांभोवती गुंडाळलं होतं. बोटीतून पडावात आणि पडावातून रत्नागिरीच्या बंदरावर उतरताना तांडेलाने आधाराला हात पुढे केला, तर लवूने त्याला कोपर दिलं. तळीवाडी तिथून दोन कोस. वाटेत कोणी विचारलंच तर उत्तर तयार होतं. "दवाखान्यात सोड्याच्या पाण्यात काम असतं. कातडी फुटते त्यानं."

उत्तर खोटं होतं. मुंबईच्या ज्या खाजगी दवाखान्यात तो नोकर होता, तिथे सोड्याच्या पाण्याला त्याने कधी हात लावला नव्हता. तो क्ष-किरणांच्या खोलीत होता. खोली काळोखी, मधे यंत्र, यंत्रापुढे पडदा. रोग्याला यंत्र आणि पडदा यांच्यामधे उभं करायचं, बटण दाबलं की पडदा हिरवट उजळायचा आणि माणसाच्या फासळ्या दिसायच्या. रोगी हलला तर सगळं फुकट. पोरं हलत, म्हातारे थरथरत, मोडक्या हाडाचे कळवळत. त्यांना घट्ट धरायचं काम लवूचं. डॉक्टर शिशाचा जड अंगरखा आणि तसलेच हातमोजे घालत. लवू सदऱ्यावर उभा राही.

सुरुवातीची वर्षं त्याला या कामाचा भारी अभिमान होता. वाडीत आला की तो पडवीत बसून सांगे, "माणसाचं काळीज धडधडताना बघितलंय मी, या डोळ्यांनी." मग त्याचा चुलता महिपत पोट पुढे काढून म्हणे, "माज्या पोटात बग रं, कालची म्हावऱ्याची कडी दिसते काय?" सगळे हसत. लवूही हसे.

मग एका दुपारी काम आटोपल्यावर डॉक्टरांनी त्याला थांबवून घेतलं होतं. त्याच्या बोटांवरचे केस झडले होते, नखांवर उभ्या चिरा पडल्या होत्या, कातडी सुकून भेगाळली होती. डॉक्टर हात उलटेसुलटे करून बघत होते.

"लवू, मुलं किती तुला?"

"नाहीत, साहेब."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"पाच सरली."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हे किरण नुसते हात भाजत नाहीत. त्यांच्यापुढे रोज उभं राहिलं तर पुरुषाचं बीज मरतं, असं विलायतेतल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. तुझं तसंच झालंय, असं मी म्हणत नाही. पण तपासून घे. सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळतं. आणि माझा जुना अंगरखा आहे, तो घालत जा. आधीच द्यायला हवा होता मी."

लवू 'बरं' म्हणाला. अंगरखा त्याने दुसऱ्याच दिवशी घातला. त्याच्या वजनाने खांदे भरून येत, तरी एक दिवस चुकवला नाही. म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं त्याला पुरतं पटलं होतं. तपासायला मात्र तो गेला नाही. कुठल्याशा काचेखाली आपलं पुरुषपण बघणार, आणि बघणारा मान हलवणार, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. तपासलं नाही तोवर ते खरं नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि घरी अवाक्षर बोलला नाही.

घरी त्याची बायको सगुणा सासूच्या हाताखाली नांदत होती. लवूची आई सोनूबाई वाईट नव्हती, पण नातवाच्या ध्यासाने तिला दुसरं काही सुचत नव्हतं. सगुणाने उपास केले, झाडपाल्याचे कडू काढे घेतले. गेल्या वैशाखात, लवू मुंबईत असताना, सोनूबाईने शेजारच्या गावातून डाग देणारी बाई बोलावली. तिने तापवलेल्या सळईने सगुणाच्या बेंबीखाली तीन डाग दिले. गणपतीला लवू आला तेव्हा त्याने ते पाहिले.

"दुखलं?" त्याने विचारलं.

"आता नाय दुखत," सगुणा म्हणाली. आणि मग, त्याला बरं वाटावं म्हणून, "आत्याबाय म्हनाल्या, करून बगू. समद्या करतात."

भाजलेली कातडी कशी दिसते हे लवूला चांगलं माहीत होतं. तेव्हा बोलायची वेळ होती. तो बोलला नाही. गणपती गेले आणि तोही गेला.

या शिमग्याला होळीभोवती फाका सुरू झाल्या. होळीपुढे कोणी कोणाची कशीही टवाळी करावी, त्याचा राग धरायचा नाही, असा रिवाज. धुरातून कोणीतरी ओरडलं, "लवूचा बी मुंबैचा, जमीन कातळाची! बदल रं लवू, जमीन बदल!" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सगुणा त्यांच्यातच उभी होती. लवूने तिच्याकडे पाहिलं नाही. चारचौघांसारखा पालथ्या हाताने बोंब मारून तो हसला, आणि ते हसू घरी पोचेपर्यंत त्याच्या तोंडावर चिकटून राहिलं.

जमीन बदलायचं सोनूबाईने ठरवलंच होतं. महिपतने स्थळ आणलं होतं, पलीकडच्या वाडीतल्या बाबूची लेक हौसा. बाबू येऊन घर बघून गेला. त्या दिवशी अंगण सगुणानेच सारवलं होतं.

"आये, एवढी घाई कशाला?" लवू म्हणाला.

"घाई? माजं क्येस पिकलं रं वाट बगून. आनी सगुनाला कोन हाकलतंय? ऱ्हाईल घरात. दोगी मिळून भात कांडतील."

"तसं नाय गं."

"मग कसा? बोल की!"

लवू उपरण्यातल्या हातांकडे बघत बसला. आईने तो होकारच धरला. आता देवाचा कौल तेवढा घ्यायचा उरला.

शिमग्यात घरोघर फिरलेली देवाची पालखी देवळात परत गेल्यावर, सकाळच्या वेळी, ते सगळे ग्रामदेव भैरीच्या देवळात जमले. लवू, सगुणा, सोनूबाई, महिपत आणि नारळ घेऊन आलेला बाबू. केरू गुरवाने देवाच्या पाषाणावर पाणी घातलं. फुलाच्या ओल्या पाकळ्या त्याने तबकात काढून ठेवल्या. गाऱ्हाणं झालं की त्या पाषाणाला चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं गुरवाने घालायचं आणि त्याच्या प्रत्येक बोलाला घरच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

केरूने डोळे मिटले. "बा भैरी म्हाराजा! आज ही तुजी लेकरा तुज्या पायाशी हुबी हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लवूचा वंस फुडं चालत नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या अस्तुरीची कूस रिती ऱ्हायली. तिच्या हातना कळत-नकळत काय चूक घडली आसंल, तिला कुनाचा दोस लागला आसंल..."

"व्हय म्हाराजा!"

सोनूबाईचा आवाज चढा होता, महिपतचा घोगरा, बाबूचा जरा लाजरा. आणि त्यांच्यात एक हळू, स्वच्छ आवाज होता. तो सगुणाचा. हात जोडून, मान खाली घालून, मनापासून ती 'व्हय म्हाराजा' म्हणाली होती. चूक आपलीच असणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती.

केरूने डोळे उघडले. "लवू, तुजा आवाज नाय आला."

"मुंबैची हवा," महिपत म्हणाला. "घसा बसला आसंल."

"घसा बसला तर खाकरून बोल. घरधन्याचा आवाज नसला तर गाऱ्हानं अर्धा. अर्ध्या गाऱ्हान्यावर मी कौल लावत नाय." केरूने पुन्हा डोळे मिटले. "त्याच्या अस्तुरीची कूस रिती ऱ्हायली. तिच्या हातना कळत-नकळत काय चूक घडली आसंल..."

बाकीचे म्हणाले. सगुणाही पुन्हा म्हणाली. नुसते दोन शब्द होते. ते म्हटले असते तर सगळं सुरळीत झालं असतं.

"तिचा दोस नाय," तो म्हणाला.

"काय?"

"माजा हाय." आवाज आपला नव्हेच, असं त्याला वाटलं. "त्या यंत्रापुडं इतकी वर्सं हुबा ऱ्हातो मी. त्या किरनांनी पुरुषाचं बीज मरतं. डॉक्टर बोलले मला. लगीन-बिगीन नको. दुसरी आनली तरी हेच व्हनार."

मग महिपतच हसला. "उजेडानं बी मरतं? मग ह्या सूर्यनारायनाखाली आमी नांगर धरला, आमची पोरं काय काळोखातनं आली?"

"हिनंच शिकवलान त्याला!" सोनूबाई सगुणाकडे वळली. "सवत नको म्हनून! म्हनं बीज मरतं! माज्या लेकाला नामर्द ठरवतेस, देवाम्होरं?"

लवूने उपरणं सोडलं. दोन्ही हात पुढे धरले. देवळाच्या दारातून आलेल्या उन्हात ते सगळ्यांना नीट दिसले. बोटं सुकलेल्या शेंगांसारखी, नखं चिरफळलेली, एका बोटाच्या पेरावर कधी न भरणारी जखम. "ही सोड्यानं नाय झाली," तो म्हणाला. "त्या उजेडानंच झाली. वरनं दिसतं ते हे. आतलं दिसत नाय."

महिपतचं हसू ओसरलं. बाबूने वाकून हात पाहिले, मग तो सरळ झाला आणि पायरीवरचा आपला नारळ त्याने उचलला.

"बाबू, दम धर," महिपत म्हणाला. "कौल तर लागू दे."

"देवाला काय इचारू? नवराच नको बोलतोय." बाबू वहाणा घालून निघाला. दारातून मागे वळून लवूला म्हणाला, "सांगलंस ता बरा क्येलंस, बाबा."

लवूच्या छातीवरून शिशाचा अंगरखा उतरवावा तसं झालं. अवघड होतं ते होऊन गेलं, असं त्याला वाटलं. मरेपर्यंत वाडी हसेल, हसू दे. होळीपुढे फाका ऐकेन. आपण बोललो, हे सगुणाने ऐकलं.

सगुणा त्याच्याकडे बघत नव्हती. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून ती गुरवाशी बोलली.

"केरूकाका, त्यांना इचारा, हे कवा कळला?"

केरूने लवूकडे पाहिलं. प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही.

'यंदाच' हा शब्द लवूच्या ओठांवर आला होता. डॉक्टर मुंबईत, इथे कोणाला काय माहीत? यंदाच कळलं, आणि कळल्याबरोबर सांगितलं. सगळं किती शोभून दिसलं असतं. त्याने मान वर केली. सगुणा देवाकडे तोंड करून उभी होती, आणि तिचा एक हात लुगड्यावरून पोटावर होता, नेमका त्या जागी.

"तीन पावसाळे झाले," तो म्हणाला.

"म्हंजे डागांच्या आदी."

"आदी."

डाग देताना सगुणाचे हात सोनूबाईनेच धरून ठेवले होते. ती देवळाच्या खांबाला टेकून खाली बसली.

केरू गुरव पाषाणाकडे वळला. मग, कोणी सांगितलं नसताना, त्याने हात जोडले. "बा भैरी म्हाराजा! गाऱ्हानं अर्ध्यावर सोडून तुज्याम्होरनं उठू नये. ह्या घोवानं बायकोपास्नं गोस्ट लपवलान..."

"व्हय म्हाराजा," लवू म्हणाला. या वेळी पहिला आवाज त्याचाच होता, आणि तो एकटाच होता.

"त्याच्या गप ऱ्हान्यापायी त्या लेकीनं आगीचा चटका सोसलान..."

"व्हय म्हाराजा."

महिपतही पुटपुटला.

"आता तिनं त्याची चूक पोटात घालावी, आनी तू दोगांचा संसार राकावास..."

केरू थांबला. लवूने ओठ मिटून घेतले. हे त्याने म्हणायचं नव्हतं, एवढं त्याला कळत होतं. सगळे सगुणाची वाट बघत होते.

सगुणाने वाकून देवाच्या पायरीवर डोकं टेकलं. उठली, घरून आणलेलं रिकामं ताट घेतलं, आणि काही न बोलता देवळाबाहेर पडली.

केरूने तिला हाक मारली नाही, आवाज आला नाही असंही म्हटलं नाही. "अर्धाच ऱ्हाऊ दे," तो स्वतःशी म्हणाला आणि पाकळ्या तबकातून काढून देवाच्या पायाशी ठेवल्या.

सोनूबाई उठली. खाली पडलेलं उपरणं उचलून तिने लवूच्या हातांवर टाकलं. "झाक," ती म्हणाली. "वाडी बगंल."

सगुणा जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून बरीच पुढे गेली होती. एरवी ती त्याच्या मागून चालायची. आज तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि हाक मारायचं धाडस लवूला झालं नाही. उपरणं आईच्या हातात परत देऊन, बरंच अंतर राखून, तो तिच्या मागून उतरू लागला.